विश्लेषण : पूल तुटलेले, देश दुभंगलेला... तरीही १९४५-४६ मध्ये इटलीने फुटबॉलचा हंगाम कसा खेळवला?

कल्याण जंक्शनच्या पुढे मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले आणि कर्जतच्या फाट्यावरची वाहतूक कोलमडली. आता अशी कल्पना करा, की हे फाटे एका दिवसासाठी नाही तर वर्षभरासाठी तुटले आहेत. तुमच्याकडे २५ फुटबॉल संघ आहेत. काही या बाजूला, काही त्या बाजूला. प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळायचे आहे आणि शेवटी विजेता एकच ठरवायचा आहे. वेळापत्रक कसे आखाल?

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर इटालियन फुटबॉल महासंघापुढे नेमका हाच प्रश्न होता. त्यांनी काढलेला तोडगा ओबडधोबड होता, पण चालला. भारतातील अव्वल फुटबॉल साखळीचा २०२५-२६चा हंगाम कागदावरच अडकून पडला, त्या पार्श्वभूमीवर ८० वर्षांपूर्वीचा हा हंगाम समजून घेण्यासारखा आहे. त्यात मराठी माणसाचाही एक धागा आहे.

अडचण नेमकी काय होती?

इटलीत १९२९-३० पासून ‘सेरी आ’ ही एका गटाची राष्ट्रीय साखळी सुरू होती. सगळे संघ एकमेकांशी दोनदा खेळत, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. १९४२-४३चा हंगाम युद्धाच्या सावटातही पूर्ण झाला आणि तोरिनो विजेता ठरला. त्यानंतर मात्र देशच दुभंगला. १९४३च्या उन्हाळ्यात दोस्त राष्ट्रांचे सैन्य दक्षिणेत उतरले. उत्तर आणि मध्य इटली जर्मन फौजांच्या ताब्यात गेली. पुढची जवळपास दोन वर्षे आघाडी इंचाइंचाने उत्तरेकडे सरकत राहिली.

माघार घेताना जर्मन सैन्याने पूल आणि बोगदे उडवले. उरलेल्या रेल्वेवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकले होते. बोलोन्या ते फ्लॉरेन्स या मुख्य लोहमार्गावर अॅपेनाइन डोंगररांगेखालून जाणारा सुमारे साडेअठरा किलोमीटरचा बोगदा आहे. १९३४ मध्ये सुरू झालेला हा मार्ग म्हणजे तेव्हाच्या इटलीचा अभिमान होता. युद्धात तो निकामी झाला. ही दोन शहरे एकमेकांपासून जेमतेम १०० किलोमीटरवर, म्हणजे आपल्या सीएसएमटी ते कर्जत एवढ्या अंतरावर. तरीही १९४५ मध्ये त्यांच्यातला प्रवास भरवशाचा राहिला नव्हता.

मराठा पलटणीचा या कथेशी संबंध काय?

अॅपेनाइन डोंगरातून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जर्मनांनी बांधलेल्या संरक्षण फळीला ‘गॉथिक लाइन’ म्हणत. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले. या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांना मिळाले आणि त्यातले दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे होते.

माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले. तुकडीतील सगळे साथीदार कोसळल्यानंतर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर चाल केली आणि तो काबीज करून तिथेच वीरमरण पत्करले. त्या भागातील मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सहकाऱ्यांना सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर वाहून नेले आणि मग परत जाऊन शत्रूचे मोर्चे बंद पाडले. जाधव युद्धातून जिवंत परतले.

सेनिओच्या लढाईनंतर १२ दिवसांनी, २१ एप्रिलला, बोलोन्या मुक्त झाले. २ मे १९४५ रोजी इटलीतील युद्ध थांबले. आणि १४ ऑक्टोबरला, म्हणजे साडेपाच महिन्यांच्या आत, फुटबॉलचा राष्ट्रीय हंगाम सुरू झाला.

मग तोडगा काय निघाला?

महासंघाने देशाचे दोन भाग केले. उत्तर गटात १४ संघ ठेवले. तोरिनो, युव्हेंटस, मिलान, इंटर, बोलोन्या, जेनोआ, अटालांटा, ब्रेशिया, मोडेना, व्हेनेझिया, व्हिचेन्झा, ट्रिएस्टिना आणि जेनोआ शहरातलेच आणखी दोन क्लब. हे सगळे अव्वल श्रेणीचे संघ होते.

मध्य-दक्षिण गटात ११ संघ होते. त्यात नापोली, बारी, रोमा, लाझिओ, फिओरेंटिना, लिव्होर्नो, पालेर्मो वगैरे. इथे एक तडजोड करावी लागली. देशाच्या या भागात अव्वल श्रेणीचे क्लबच कमी होते, त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतील संघही याच गटात बसवले गेले. दोन्ही गटांतील पहिले चार, असे आठ संघ अंतिम फेरीत गेले आणि तिथे पुन्हा सर्वांचे एकमेकांशी दोनदा सामने झाले.

गटांची सीमा नकाशावर पाहिली की गंमत लक्षात येते. बोलोन्या आणि मोडेना उत्तर गटात, तर फ्लॉरेन्स, सिएना आणि लिव्होर्नो मध्य-दक्षिण गटात. म्हणजे जिथे काही महिन्यांपूर्वी आघाडी अडून बसली होती, त्याच डोंगररांगेवर फुटबॉलचीही वाटणी झाली.

या रचनेमुळे नेमके काय वाचले?

साधे गणित करून पाहू. २५ संघांची एकच साखळी खेळवली असती तर एकूण ६०० सामने झाले असते. त्यातले ३०८ सामने उत्तर विरुद्ध दक्षिण असे, म्हणजे तुटलेला डोंगरपट्टा ओलांडून खेळावे लागले असते.

दोन गट केल्यावर उत्तरेत १८२ सामने, मध्य-दक्षिणेत ११० आणि अंतिम फेरीत ५६, असे एकूण ३४८ सामने झाले. यातले उत्तर विरुद्ध दक्षिण सामने फक्त ३२, आणि तेही सगळे अंतिम फेरीत. ही फेरी १९४६च्या वसंतात आणि उन्हाळ्यात झाली. तोवर रस्ते-रेल्वे दुरुस्त करायला सहा महिने जास्तीचे मिळाले होते.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर नेटवर्कमधला जो दुवा सर्वांत कमकुवत होता, त्यावरचा भार त्यांनी जवळपास दहा पटींनी कमी केला आणि तो भार शेवटी ढकलला. राष्ट्रीय विजेता मात्र एकच राहिला.

मैदानावर काय झाले?

उत्तरेतून तोरिनो, इंटर, युव्हेंटस आणि मिलान, तर मध्य-दक्षिणेतून बारी, नापोली, रोमा आणि लिव्होर्नो पुढे आले. अंतिम फेरीत खरी झुंज ट्युरिन शहरातल्याच दोन क्लबमध्ये रंगली. विजयाला तेव्हा दोन गुण मिळत. शेवटच्या दिवशी, २८ जुलै १९४६ रोजी, युव्हेंटस नेपल्समध्ये बरोबरीत अडकला आणि तोरिनोने घरी लिव्होर्नोचा धुव्वा उडवला. फरक फक्त एका गुणाचा होता.

तडजोडीची किंमतही याच फेरीत दिसली. पहिली चारही स्थाने उत्तरेकडील संघांनी घेतली आणि दक्षिणेचे चार त्यांच्या खाली राहिले. वेगवेगळ्या ताकदीचे दोन गट केले की असे होणारच. पण नेपल्स आणि बारीच्या प्रेक्षकांना मिलान आणि ट्युरिनचे संघ आपल्या मैदानावर पाहायला मिळाले. दोन वर्षे ज्या देशात दोन सरकारे आणि दोन फौजा होत्या, तिथे ही साधी गोष्ट नव्हती.

याच अंतिम फेरीच्या मध्यावर, २ जून १९४६ रोजी, इटलीत राजेशाही ठेवायची की प्रजासत्ताक आणायचे यावर सार्वमत झाले. उत्तरेने प्रजासत्ताकाला कौल दिला, दक्षिणेत राजाच्या बाजूने जास्त मते पडली. मतपेटीत देश दोन बाजूंना असताना फुटबॉलचा गुणतक्ता मात्र एकच होता.

नावे परत आली, माणसे नाही

मुसोलिनीच्या राजवटीला परकी वाटणारी नावे चालत नसत. ‘इंटरनॅशनल’ या अर्थाच्या नावामुळे इंटरला अॅम्ब्रोसियाना व्हावे लागले होते. इंग्रजी वळणाच्या मिलानचे ‘मिलानो’ आणि जेनोआचे ‘जेनोव्हा’ झाले होते. १९४५ मध्ये ही तिन्ही नावे परत आली.

माणसांचे तसे नव्हते. इंटर आणि बोलोन्याला विजेतेपद मिळवून देणारे हंगेरीचे ज्यू प्रशिक्षक आर्पाद वाइस यांना १९३८च्या वांशिक कायद्यांमुळे इटली सोडावी लागली. जानेवारी १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. त्यांचेच देशबांधव एर्नो एर्बस्टाइन यांनाही याच कायद्यांमुळे इटलीबाहेर जावे लागले होते. हंगेरीतील श्रमछावणीतून ते वाचले आणि युद्धानंतर पुन्हा तोरिनोत रुजू झाले.

युद्धकाळात खेळाडूंना सैन्यात जावे लागू नये म्हणून क्लबनी कारखान्यांचा आधार घेतला होता. तोरिनोचा संघ १९४४ मध्ये ‘तोरिनो फियाट’ या नावाने खेळला, कारण खेळाडू मोटार कारखान्याच्या हजेरीपटावर होते. त्या वर्षी उत्तरेत झालेल्या युद्धकालीन स्पर्धेत याच बलाढ्य संघाला स्पेझिया शहराच्या अग्निशमन दलाच्या संघाने २-१ असे हरवले. महासंघाने ते विजेतेपद अधिकृत धरले नाही. स्पेझियाला मानाची दखल मिळायला २००२ साल उजाडले. १९४५-४६चे विजेतेपद मात्र पूर्ण अधिकृत आहे. खेळवण्याची पद्धत वेगळी असली तरी दोन्ही अर्ध्या देशांतून निवडलेले संघ समोरासमोर आले होते, हा यातला मोठा फरक.

पैसा कुठून येणार होता?

५ मे १९४६ रोजी इटलीत एक नवी चिठ्ठी विक्रीला आली. किंमत ३० लिरा. आठवड्याच्या सामन्यांचे निकाल ओळखायचे आणि बरोबर आले तर बक्षीस. पत्रकार मास्सिमो देल्ला पेर्गोला यांची ही कल्पना होती आणि ती सिसाल या कंपनीने राबवली. दोन वर्षांत लोकांना तिचे इतके वेड लागले की १९४८ मध्ये सरकारने हा कारभार ‘तोतोकाल्चो’ या नावाने आपल्याकडे घेतला. त्यातला वाटा पुढे अनेक दशके इटलीच्या ऑलिम्पिक समितीमार्फत इतर खेळांनाही मिळत राहिला. सट्ट्याच्या या मार्गाबद्दल मतभेद असू शकतात. मुद्दा एवढाच, की सामने ठरल्या दिवशी होतात हा भरवसा असल्याशिवाय अशी चिठ्ठी छापताच आली नसती. वेळापत्रक आधी आले, पैसा मागून आला.

पुढे काय झाले?

तात्पुरती व्यवस्था तात्पुरतीच राहिली, हे या प्रयोगाचे मोठे यश. १९४६-४७ मध्ये २० संघांची एक गट असलेली साखळी परत आली. नवे प्रश्न आले तेव्हाही नियम थोडे वाकवले गेले. ट्रिएस्ट शहर तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाखाली होते. ट्रिएस्टिनाला घरचे सामने उदिने शहरात खेळावे लागले आणि संघ तळाला गेला. महासंघाने त्याला बाहेर काढले नाही आणि पुढचा हंगाम २१ संघांचा केला. त्या हंगामात, १९४७-४८ मध्ये, हाच ट्रिएस्टिना संयुक्तपणे दुसऱ्या क्रमांकावर आला.

पहिल्या क्रमांकावर अर्थातच तोरिनो होता. त्या हंगामात त्यांनी ४० सामन्यांत १२५ गोल केले. ११ मे १९४७ रोजी हंगेरीविरुद्ध खेळलेल्या इटलीच्या अकरा जणांत दहा खेळाडू तोरिनोचे होते.

या संघाचा शेवट हृदयद्रावक झाला. लिस्बनमध्ये बेन्फिकाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून परतताना ४ मे १९४९ रोजी त्यांचे विमान ट्युरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरील चर्चच्या भिंतीवर आदळले. कर्णधार व्हॅलेंटिनो माझ्झोला यांच्यासह १८ खेळाडू आणि एकूण ३१ जण गेले. छळछावणीच्या काळातून वाचलेले एर्बस्टाइनही त्यात होते. हंगामाचे चार सामने बाकी होते. तोरिनोने आपला युवा संघ उतरवला आणि समोरच्या क्लबनीही आदर म्हणून युवा संघच खेळवले. तोरिनोचे ते सलग पाचवे विजेतेपद ठरले.

तेव्हा मुंबई परिसरात काय चालले होते?

मुंबईतही फुटबॉल होता आणि जोरात होता. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा कुपरेजवर गर्दी खेचत असे. सुरुवातीला तिच्यावर ब्रिटिश लष्करी संघांचेच वर्चस्व असायचे आणि महायुद्धाच्या काळातही पलटणींचे संघ मैदानात होते. गोरे सैन्य गेले तसे हे संघही संपले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे रूपही याच काळात पालटले. तिथल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

पलटणींची जागा भारतीय संघांनी घेतली. १९४९ मध्ये ईस्ट बंगालने रोव्हर्स जिंकला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो नेला. हेच रहीम पुढे १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथ्या आलेल्या आणि १९६२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते.

म्हणजे गुणवत्तेची टंचाई नव्हती. राष्ट्रीय साखळी मात्र नव्हती. काही आठवड्यांत आटोपणाऱ्या करंडक स्पर्धा होत्या, शहरापुरत्या लीग होत्या. देशव्यापी राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडले. मुंबईचे अनेक संघ कंपन्यांचे होते आणि कंपनीचा विचार बदलला की संघ संपत असे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. रोव्हर्स करंडकही या शतकाच्या सुरुवातीलाच थांबला.

आज हे का आठवायचे?

जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी नवा हंगाम थांबवून ठेवला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा त्यांचा व्यावसायिक करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढे काय, हे ठरलेले नव्हते. लीग एरवी सप्टेंबरच्या आसपास सुरू होते. या वेळी सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, वर्ष संपले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी घोषणा केली, की १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबची लीग होईल. सामने ९१, म्हणजे प्रत्येकाशी एकदाच.

१४ संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर १८२ सामने होतात. १९४५ मध्ये इटलीच्या उत्तर गटाने हेच १८२ सामने मोडक्या रुळांवरून प्रवास करत पूर्ण केले होते. आपल्याकडे गाड्या, विमाने आणि स्टेडियम सगळे शाबूत होते. अडले ते करारावर.

ही तुलना शंभर टक्के जुळत नाही, हे मान्य करायला हवे. इटलीतील क्लबना आपापल्या शहराचा जुना आधार होता. भारतातील क्लबचा खर्च मोठा, अंतरे मोठी आणि उत्पन्न अनिश्चित. तरीही तिथल्या महासंघाने केलेल्या तीन गोष्टी आजही उपयोगी आहेत. सगळे सुरळीत होण्याची वाट न पाहता आहे त्या परिस्थितीत बसेल असा आराखडा त्यांनी केला. ही सोय एका हंगामापुरती आहे हे पाळले. आणि विजेता कसा ठरणार, हे सगळ्यांना कळेल असे ठेवले.

ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर मोठा फुटबॉल आपल्या अंगणात येऊन गेला आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाची स्पेन-माली उपांत्य लढत झाली आणि २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला. घोडबंदरपासून डोंबिवली-बदलापूरपर्यंत टर्फवर संध्याकाळी मुले-मुली खेळताना दिसतात. त्यातल्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीच्या किंवा मुलाच्या आईबाबांचा प्रश्न सोपा असतो : हा खेळ पुढे नेला तर वर्षाचे किती सामने मिळतील, आणि पुढच्या वर्षी स्पर्धा असेल ना? एखाद्या भव्य सामन्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. दरवर्षी ठरल्या तारखेला सुरू होणाऱ्या हंगामाने मिळते.

म्हणून पुढच्या हंगामाच्या बातम्या वाचताना कोणता परदेशी खेळाडू येणार यापेक्षा तीन गोष्टी आधी तपासा. वेळापत्रक कधी जाहीर झाले, सामने किती आहेत आणि खालच्या श्रेणीतून वर येण्याची वाट उघडी आहे का.